दोन छोट्या कॅमेऱ्यांतला एक निवडताना तुलना कोणत्या क्रमानं करायची

महिन्यातून एकदा तरी कुणीतरी मोबाईल माझ्या नाकासमोर धरतं. पडद्यावर दोन फोटो. "भावा, सांग बघू, ह्यातला कुठला क्यामेरा भारी हाय?" फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले, म्हणजे आधीच चेपलेले. एक दुपारचा, एक दिवेलागणीचा. एकात झूम केलेलं, दुसऱ्यात नाही. असल्या जोडीवरून कॅमेरा ठरवणं म्हणजे एकानं पाटावर आणि दुसऱ्यानं फरशीवर उभं राहून उंची मोजणं.

मी स्वतःही हे केलंय. मावसभावाचा एक आणि शेजाऱ्यांचा एक असे दोन छोटे कॅमेरे घेऊन कोल्हापुरातल्या रंकाळा तलावावर गेलो. एकाचे सगळे फोटो धुरकट आले. तिथंच भेळ खाताखाता निकाल लावून टाकला आणि भावाला दुसराच घ्यायला लावला. शेजाऱ्यांचा कॅमेरा परत देताना पुसायला घेतला, तर लेन्सवर अंगठ्याचा तेलकट ठसा. माझाच. भेळेचा.

तेव्हापासून पाळत आलेला क्रम खाली देतोय. दोन दिवस लागतात. उदाहरणासाठी कॅनन पॉवरशॉट जी७ एक्स मार्क ३ आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७ ही जोडी घेतलीय, कारण कागदावर ती जुळ्या भावांसारखी दिसते. दोन्ही २०१९चे, दोन्हींचा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) १ इंची, दोन्ही २०.१ मेगापिक्सेलचे, वजन एकाचं ३०४ ग्रॅम आणि दुसऱ्याचं ३०२. तुमच्यापुढं दुसरी कुठली जोडी असेल तरी क्रम हाच.

## टप्पा १: दुकानात जाण्याआधी मोबाईलमधले २०० फोटो मोजा

सगळ्यात जास्त वगळला जातो तो हाच टप्पा. कॅमेरा घेणाऱ्याला विचारलं की तो म्हणतो, "सगळंच काढायचंय." सगळंच कुणी काढत नाही. मोबाईलमधले अलीकडचे २०० फोटो उघडा. स्क्रीनशॉट आणि बिलांचे फोटो सोडा. उरलेल्यांचे ढीग करा: घरातली माणसं ट्यूबलाइटखाली, पळणारी मुलं, जेवणाची ताटं, लांबचं काहीतरी, उन्हातला प्रवास, रात्रीचा रस्ता. प्रत्येक ढिगापुढं आकडा लिहा.

मग दुसरा कागद घ्या. मोबाईलनं दगा दिला असे फोटो आठवा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलगी स्टेजवर मुंगीएवढी दिसली, लग्नात हळदीचा पिवळा रंग भडक पसरला, संध्याकाळी पोरं हललेली आली. कॅमेरा घ्यायचाय तो ह्या दुसऱ्या कागदासाठी. पहिल्या कागदावरची बरीचशी कामं मोबाईल बरी करतो आणि पुढंही करेल.

दोन्ही कागदांवरून तीन प्रश्न काढा. तीनच. माझ्या वहिनीचे असे होते: घरात रात्री फ्लॅशशिवाय मुलगा नीट येतो का? ताटाचा फोटो जवळून घेता येतो का? कॅमेरा पर्समध्ये मावतो का? लांबचं तिला काही काढायचंच नव्हतं. तरी दुकानात तिला पहिल्यांदा झूमच दाखवला गेला.

तपासा: तीन प्रश्नांत "क्वालिटी चांगली आहे का" असा प्रश्न आला असेल तर खोडा. त्याचं उत्तर कुणालाच देता येत नाही.

## टप्पा २: कागदावरचे आकडे, पण मोजकेच

माहितीपत्रकातले चारच आकडे बघायचे. सेन्सरचा आकार, लेन्सची रुंद आणि लांब टोकं (झूम न करता आणि पूर्ण झूम करून), दोन्ही टोकांचं अ‍ॅपर्चर, आणि जवळात जवळ किती अंतरावर फोकस होतो ते. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत घेणारं भोक; एफ/ पुढचा आकडा जितका लहान, तितकं भोक मोठं. मेगापिक्सेल शेवटी बघितले तरी चालतात.

"१ इंच" सेन्सर प्रत्यक्षात १ इंच नसतो. तो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर असतो, हे नाव जुन्या हिशोबातून आलंय. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत १/२.३ इंची सेन्सर असतो, सुमारे ६.२ बाय ४.६ मिलिमीटर. क्षेत्रफळ काढलं तर पहिला दुसऱ्याच्या चौपट भरतो. जोडीतला एक कॅमेरा १ इंची आणि दुसरा १/२.३ इंची असेल, तर घरातल्या उजेडापुरता निकाल बहुधा इथंच लागतो. पुढचे टप्पे झूम आणि हाताळणीसाठी करा.

आपल्या जोडीत सेन्सर सारखा, म्हणून लेन्स बघू. कॅननची लेन्स ३५ मिमीच्या (जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या) हिशोबात २४ ते १०० मिमी (आकडा मोठा म्हणजे झूम जास्त) आणि अ‍ॅपर्चर एफ/१.८ ते एफ/२.८. सोनीची २४ ते २०० आणि एफ/२.८ ते एफ/४.५. म्हणजे सोनी दुप्पट लांब जातो आणि कॅनन जास्त उजेड आत घेतो. किती जास्त? २४ वर एफ/२.८ भागिले एफ/१.८, त्याचा वर्ग, साधारण २.४. कॅनन जिथं आयएसओ (उजेड वाढवून घेण्याचा आकडा; वाढला की फोटोत ठिपके येतात) ८०० वर काम भागवेल, तिथं तेवढ्याच शटर वेगाला (सेन्सरवर उजेड पडू देण्याच्या वेळाला) सोनीला आयएसओ २००० च्या जवळपास जावं लागेल. घरातल्या ट्यूबलाइटखाली हा फरक दिसतो, रंकाळ्यावरच्या उन्हात दिसत नाही.

सावध: लोक दोन्ही कॅमेऱ्यांचे सगळ्यात मोठे अ‍ॅपर्चर शेजारी लिहितात आणि थांबतात. तो आकडा फक्त रुंद टोकाचा असतो. कॅमेरा हातात आला की झूम हळूहळू पुढं न्या आणि अ‍ॅपर्चरचा आकडा कुठं कुठं बदलतो ते वहीत लिहा. माणसांचे फोटो निघतात ते मधल्या टप्प्यावर, टोकावर नाही.

जवळचा फोकस: रुंद टोकाला कॅननचा ५ सेंटिमीटरपासून, सोनीचा ८ पासून. कागदावर ३ सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, पण ताटावर वाकलात की कॅमेऱ्याची सावली ताटात पडते का, हे ह्याच सेंटिमीटरांवर ठरतं.

आणखी दोन गोष्टी लिहून ठेवा. सोनीत वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे, कॅननमध्ये नाही. कॅननमध्ये आत एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) आहे, म्हणजे भर उन्हातही अ‍ॅपर्चर मोठं ठेवता येतं. सोनीच्या ह्या मॉडेलमध्ये तो नाही.

## टप्पा ३: दोन्ही कॅमेरे एकाच वेळी हातात आणा

आज एक आणि पुढच्या रविवारी दुसरा, असं करायचं नाही. मधल्या आठवड्यात ढग येतात, तुमचा मूड बदलतो आणि पहिल्या कॅमेऱ्याचं काय वाटलं होतं ते आठवणीत गोड होऊन बसतं. मित्राकडून मागा, भाड्यानं मिळत असेल तर दोन दिवसांसाठी घ्या, किंवा लग्नाचे फोटो काढणाऱ्या ओळखीच्या माणसाला गाठा. दुकानाच्या काउंटरवर दहा मिनिटांत फक्त टप्पा ५ जमतो.

आणल्यावर, फोटो काढण्याआधी:

१. दोन्ही लेन्स मऊ स्वच्छ कापडानं पुसा. धोतराच्या सोग्यानं किंवा शर्टाच्या टोकानं नको. माझी भेळ आठवा.

२. बॅटऱ्या पूर्ण भरा. तुमच्याच घरच्या चार्जरनं भरून बघा. कॅननला यूएसबी-सी आहे, सोनीला जुनी मायक्रो यूएसबी. केबल बसली म्हणजे चार्ज होतंय असं नाही, दिवा लागला का बघा.

३. दोन्हींची घड्याळं मिनिटापर्यंत एकसारखी लावा. नंतर ३०० फोटोंतून जोड्या लावताना ह्या एका कामाचे आशीर्वाद घ्याल.

४. एकाच वेगाची कार्डं घाला आणि ज्या त्या कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. आधी मालकाला विचारून. दुसऱ्याच्या कार्डावर बारशाचे फोटो असू शकतात.

५. मेनूत जाऊन दोन्ही कॅमेरे पूर्ण रिसेट करा. आधीच्या माणसानं रंग भडक करून ठेवला असेल तर तुम्ही त्याच्या आवडीची तुलना करत बसाल.

## टप्पा ४: सेटिंग बांधा

तुलना दोन फेऱ्यांत करायची. पहिली बांधलेली फेरी, त्यात कॅमेऱ्याला स्वतःचं डोकं चालवू द्यायचं नाही. दुसरी मोकळी फेरी, त्यात सगळं ऑटो. पहिलीतून लेन्स आणि सेन्सर कळतो, दुसरीतून कॅमेरा निर्णय कसे घेतो ते कळतं. बहुतेक जण ह्या दोन्ही फेऱ्या मिसळतात आणि मग भांडण कशावरून चाललंय तेच समजत नाही.

बांधलेल्या फेरीसाठी: फोटो रॉ (सेन्सरकडून आलेली कच्ची फाइल) आणि जेपेग (कॅमेऱ्यानं तयार केलेला फोटो) दोन्हींत साठवा, आकार सगळ्यात मोठा. रंगाची शैली 'स्टँडर्ड'. व्हाइट बॅलन्स (पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंग जुळवणारी सोय) उन्हाच्या खुणेवर. डिजिटल झूम बंद. त्वचा गुळगुळीत करणारं काही असेल तर बंद.

आता खरी मेख. सावल्या आपोआप उजळवणारी सोय दोन्हींत आहे. सोनीत तिला डी-रेंज ऑप्टिमायझर म्हणतात, कॅननमध्ये ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर. रिसेट केल्यावरही ती चालूच असते. दोन्हीकडं बंद करा. एकीकडं चालू आणि दुसरीकडं बंद राहिली, तर चालू असलेला कॅमेरा "सावलीतही काय दिसतंय बघा!" म्हणून जिंकतो आणि ते कौतुक सॉफ्टवेअरचं असतं.

शटर 'मेकॅनिकल'वर ठेवा. आपल्याकडं वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं कितीतरी दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला कळत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटरवर वेग १/५०० वगैरे ठेवलात की फोटोत आडवे पट्टे उमटतात. घरात आणि दुकानांत शटर १/५० किंवा १/१०० वर असेल तर हा त्रास बहुतेक टळतो.

तपासा: एकाच भिंतीचा, सारख्याच आयएसओ, शटर आणि अ‍ॅपर्चरवर दोन्हींतून एकेक फोटो. एक किंचित उजळ आला तर घाबरू नका. आयएसओचा आकडा सारखा असला तरी प्रत्येक कंपनीचा उजेड तंतोतंत जुळत नाही. किती फरक आहे ते वहीत लिहा, टप्पा ८ मध्ये लागेल.

## टप्पा ५: खिसा, हात, ऊन

फोटो न काढता करायचा टप्पा. तुम्ही जी पँट रोज घालता तिच्या खिशात एकेक कॅमेरा घालून दुचाकीवर बसा. बसताना मांडीला टोचतो का? महाद्वार रोडच्या गर्दीत एका हातात पिशवी धरून दुसऱ्या हातानं कॅमेरा काढा, चालू करा, एक फोटो काढा. हे दहा वेळा. कितीदा बटण चुकलं, किती वेळा अंगठा पडद्याला लागून फोकस भलतीकडं गेला, ते मोजा.

दुपारी बाराला भवानी मंडपासमोर उन्हात उभे राहून पडद्यावर काय दिसतं ते बघा. इथं व्ह्यूफाइंडरची किंमत कळते, किंवा तो तुम्हाला लागतच नाही हे कळतं. माझ्या ओळखीतले निम्मे लोक पहिल्या आठवड्यात तो हौसेनं उघडतात आणि नंतर विसरतात. चष्मा असेल तर चष्म्यासकट डोळा लावून बघा.

पडदा वर वळवून स्वतःचा आणि घरच्यांचा फोटो काढून बघा. दोन्हींत तो पुढं वळतो. सोनीचा पडदा खाली ९० अंश झुकतो, कॅननचा त्याच्या निम्मा. गणपतीच्या मिरवणुकीत हात वर करून फोटो काढणाऱ्याला हा फरक मानेत जाणवतो.

## टप्पा ६: बांधलेली फेरी, शहरभर

प्रत्येक ठिकाणी एका कॅमेऱ्यातून तीन, लगेच दुसऱ्यातून तीन. पुढच्या ठिकाणी क्रम उलटा. नाहीतर एकालाच कायम पहिला, म्हणजे तुमचा ताजा हात मिळत राहतो.

दगडी भिंत. भवानी मंडपाची काळ्या दगडाची भिंत, सकाळचं तिरकं ऊन. भिंतीला समांतर उभे राहा, कॅमेरा तिरका नको. एफ/४, मग एफ/५.६. फोटोचे चारही कोपरे बघायचे. तीन कोपऱ्यांत दगडाचे छिन्नीचे घाव स्पष्ट आणि चौथ्यात पुसट, असं तिन्ही फोटोंत आलं तर त्या विशिष्ट कॅमेऱ्याची लेन्स किंचित वाकडी बसलीय. हा दोष मॉडेलचा नसून त्या एका नगाचा असतो. वापरलेला घेणाऱ्यांनी ही भिंत चुकवू नये.

कमानीतून बाहेर. तिथंच नगारखान्याच्या कमानीत, सावलीत, एखाद्याला उभं करा. मागं भर दुपारचा रस्ता. मोजमाप बाहेरच्या उजेडावर धरून दोन्ही कॅमेऱ्यांत सारखं एक्स्पोजर (शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ) ठेवा. नंतर रॉ उघडून चेहऱ्याची सावली तेवढीच उजळवा आणि कुठं आधी ठिपके उठतात ते बघा.

चप्पल. दुकानदाराला विचारून कोल्हापुरी चपलेची वेणी जवळून टिपा. कातड्याचे बारीक पट्टे, त्यांच्या कडा, वरची सुरकुती. आयएसओ १२५, ८००, ३२०० अशा तीन पायऱ्या. आयएसओ वाढला की कॅमेरा ठिपके घालवायला पोत पुसतो. कातडं प्लास्टिकसारखं कुठल्या पायरीला दिसू लागलं, तो आकडा लिहा. "३२०० वर कसा आहे?" ह्यापेक्षा "कातडं कुठवर कातडं राहतं?" हा प्रश्न उपयोगी.

ताट. आपल्या गावात परीक्षेचा तक्ता आयता वाढून मिळतो. तांबडा आणि पांढरा रस्सा शेजारशेजारी. लाल रंग छोट्या कॅमेऱ्यांना सगळ्यात आधी चकवतो. तांबड्या वाटीवर तरंगणारा कट नीट बघा. तेलाचे गोल थेंब, त्यांच्या कडेला गडद मसाला, मध्ये बल्बची चमक. कॅमेऱ्यानं लाल भडकवला की हे सगळं जाऊन वाटीत एकसंध लाल डाग राहतो. त्याच वेळी पांढऱ्या वाटीत उलटी परीक्षा: तीळ-खोबऱ्याची किंचित पिवळट झाक राहते की कागदासारखं पांढरं होतं? फोटो बघताना तीन रंगांचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, सुरू करा. लाल रेघ उजव्या भिंतीला चिकटली असेल तर एक्स्पोजर ०.७ नं कमी करून परत काढा. कुठल्या कॅमेऱ्याला असं कमी करावं लागलं, ते लिहा. जोतिबाच्या गुलालातही हेच होणार आहे.

इथं व्हाइट बॅलन्स उन्हावर ठेवलात तर खानावळीच्या पिवळ्या दिव्याखाली सगळंच केशरी येईल. म्हणून ताट खिडकीशेजारी घ्या. आणि रस्सा गरम असेल तर वाफ जाईपर्यंत एक मिनिट थांबा, लेन्स धुकटते.

सावध: अंबाबाईच्या देवळात आत कॅमेरा चालत नाही. तिथल्या मंद उजेडात चाचणी करायचा मोह सोडा. तो उजेड घरच्या देवघरातही मिळतो.

मावळती. सूर्य बुडण्याआधी अर्धा तास रंकाळा चौपाटी. सूर्य फ्रेमच्या कोपऱ्यात ठेवा. पाण्यावर रंगीत ठिपक्यांची माळ किंवा दुधाळ पडदा येतो का बघा. इथं बोटाचा ठसा जीवघेणा ठरतो, म्हणून आधी परत एकदा पुसा. मग सूर्य पाठीशी घेऊन काठावरची माणसं.

लांबचं. पलीकडच्या काठावरची एखादी खूण निवडा. सोनी २०० वर, कॅनन १०० वर. कॅननचा फोटो कापून सोनीएवढी चौकट करा. दोन्ही बाजूंनी निम्मं कापलं की २० मेगापिक्सेलचे ५ उरतात. वाईट वाटतं ऐकायला, पण ५ मेगापिक्सेलमधून ६ बाय ९ इंचाचा फोटो ३०० डीपीआयवर (इंचाला ३०० ठिपके) निघतो. लांबचं वर्षातून दोनदा काढणाऱ्याला कापणं पुरतं. दर शनिवारी कळंब्याला पक्षी बघायला जाणाऱ्याला २०० सुद्धा कमी पडेल, त्यानं ही जोडीच सोडावी.

## टप्पा ७: मोकळी फेरी

आता सगळं परत ऑटोवर. सावल्या उजळवणारी सोय चालू, व्हाइट बॅलन्स ऑटो. घरात रात्री, ट्यूबलाइट, मूल जमिनीवर खेळतंय. कॅमेऱ्याला जे करायचं ते करू दे.

मोजायचं एकच. ३० फोटो, त्यातल्या कितींत डोळा धारदार? सोनीत फोकससाठी सेन्सरवरच फेज-डिटेक्ट (फोकस कुठं न्यायचा ते थेट ओळखणारे) बिंदू आहेत, ३५७. कॅनन कॉन्ट्रास्ट बघून, म्हणजे लेन्स मागंपुढं करून अंदाज घेत, फोकस धरतो. कागदावरून सोनी पुढं असायला हवा. पण कॅनन मोठ्या अ‍ॅपर्चरमुळं शटर जास्त वेगानं चालवू शकतो, म्हणून हललेले फोटो कमी येऊ शकतात. म्हणजे दोन वेगळ्या चुका: फोकस मागच्या भिंतीवर गेला, की मूल हललं? दोन्हींचे आकडे वेगळे लिहा. "ब्लर आला" एवढंच लिहिलंत तर निकाल उलटा लागू शकतो.

तालमीत ओळख असेल तर वस्तादांना विचारून संध्याकाळच्या मेहनतीचे फोटो काढा. मंद उजेड, अंगाला माती, सेकंदात पालटणारा डाव. ह्याहून अवघड परीक्षा शहरात नाही. पण लाल मातीपासून लांब, कडेला उभे राहा. दोन्ही कॅमेऱ्यांची लेन्स आतबाहेर करणारी आहे. बाहेर आली असताना बसलेली धूळ आत जाताना बरोबर जाते आणि एकदा सेन्सरवर बसली की घरी काढता येत नाही.

रात्री दिवे लागल्यावर गुजरीतून महाद्वार रोडपर्यंत एक चक्कर. सराफाच्या काचेमागचं सोनं, पाट्यांचे दिवे, माणसांचे चेहरे. इथं वही नको, सहज चाला आणि काढा. परत आल्यावर दोन्ही बॅटऱ्यांत किती उरलं ते बघा. प्रमाणित चाचणीत कॅननला सुमारे २३५ आणि सोनीला २६० फोटो दिलेत. दोन्हीही लग्नाच्या दिवसाला अपुरे. जास्तीच्या बॅटरीची किंमत आत्ताच हिशोबात धरा.

## टप्पा ८: नावं झाकून बघा

कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर निकाल लावायचा नाही. दोन्ही पडद्यांचा उजेड आणि रंग वेगळा असतो. सगळे फोटो एकाच संगणकावर, केबलनं किंवा कार्ड काढून. व्हॉट्सअ‍ॅपवरून मुळीच नाही.

घरातल्या कुणाला तरी जोड्यांना 'अ' आणि 'ब' अशी नावं द्यायला सांगा, दर जोडीला अदलाबदल करून. कुठला कुणाचा ते त्यांच्याच कागदावर. तुम्हाला वाटतं तुम्ही पक्षपाती नाही. सगळ्यांनाच तसं वाटतं.

आधी उजेड जुळवा. टप्पा ४ मध्ये लिहिलेला फरक इथं भरून काढा. दोन फोटोंतला किंचित उजळ फोटो माणूस हमखास निवडतो आणि वर कारणही सांगतो: "रंग जिवंत आहेत", "शार्प आहे". आमच्या घरी एकच फोटो थोडा उजळवून दोन प्रती दाखवल्या, तर तिघांनी उजळ प्रतीला "महागडा कॅमेरा" म्हटलं.

मग दोन्ही फोटो पडद्याभर बघा, पिक्सेल मोजायला शंभर टक्क्यांवर नेऊ नका. मेगापिक्सेल वेगळे असलेल्या जोडीत तर मुळीच नको, कारण जास्त मेगापिक्सेलवाला मोठा दिसून जास्त ठिपकेदार वाटतो. शंभर टक्के फक्त भिंतीच्या कोपऱ्यांसाठी. शेवटी तीन जोड्या ८ बाय १२ इंचांत छापून आणा. एकाच लॅबमधून, एकाच दिवशी, "रंग सुधारू नका" असं सांगून. हा खर्च वाटतो तेवढा नाही, आणि कातड्यावरचा तो पोत कागदावर दिसतोय की नाही हे कागदच सांगतो.

सावध: दहा रकाने करून गुण देऊ नका आणि बेरीज तर नकोच. झूमला ९ आणि उजेडाला ६ मिळवून एखादा जिंकतो आणि तुम्हाला झूम लागतच नसतो. टप्पा १ चे तीन प्रश्न काढा. प्रत्येकासमोर अ किंवा ब. "दोन्ही सारखे" हे उत्तर चालतं, त्या वेळी स्वस्त घ्या आणि उरलेल्या पैशात बॅटरी आणि कार्ड बसवा.

वहिनीचा निकाल टप्पा ६ च्या ताटावरच लागला होता. उरलेले टप्पे तिनं माझ्या समाधानासाठी केले.

## टप्पा ९: विकत घेताना

नवीन घेत असाल तर जीएसटीचं पक्कं बिल आणि भारतातली वॉरंटी. बिलावरचा सिरियल नंबर, खोक्यावरचा आणि कॅमेऱ्याच्या तळाचा नंबर काउंटरवरच जुळवा. बाहेरून आणलेला विनाबिलाचा माल थोडा स्वस्त मिळतो, पण दुरुस्तीच्या वेळी तो तुमचा एकट्याचा असतो.

वापरलेला घेत असाल तर एफ/११ वर निरभ्र आकाशाचा एक फोटो. त्यात करडे ठिपके दिसले तर धूळ सेन्सरवर आहे. दुसऱ्या फोटोतही त्याच जागी आले तर नक्कीच. लेन्सवरून टॉर्च तिरका मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी दिसली तर ती बुरशी आहे. आपल्या चार महिन्यांच्या पावसात कपाटात पडून राहिलेल्या कॅमेऱ्यांत ती सर्रास सापडते. मग किंमत कितीही उतरवली तरी सोडा. सोनीचा असेल तर व्ह्यूफाइंडर वीसेक वेळा उघडबंद करा, अडखळता कामा नये. लेन्स आतबाहेर होताना करकर आवाज येतो का, तेही शांत खोलीत ऐका.

घरी आणल्यावर पहिल्याच दिवशी दगडी भिंतीकडं परत जा. तुम्ही तपासलेला नग वेगळा होता, हा वेगळा आहे. कोपरा पुसट आला तर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत, खोकं आणि आतली प्लास्टिकची पिशवी सांभाळून, दुकानात हजर व्हा. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका. दोन्हीही कॅमेरे पावसाच्या पाण्यापासून राखलेले नाहीत, पंचगंगेला पूर बघायला जाताना छत्री आधी कॅमेऱ्यावर.